स्पेक्ट्रमची टॅप फाइल: लिस्टिंगमध्ये 'यूएसआर ०', मग गेम चालतो कसा?

कॅसेटवाली:
बाबांच्या डीबी स्पेक्ट्रम प्लस या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या कॅसेटी एकेक करून टॅप फाइलमध्ये (कॅसेटची डिजिटल प्रत) उतरवतेय. एका डबीवर त्यांच्या अक्षरात नुसतं 'विमान' लिहिलंय. टर्मिनलवर टॅपइन्फो (फाइलमधले ब्लॉक दाखवणारा प्रोग्राम) चालवलं तर चार ब्लॉक दिसले: बेसिकचा हेडर (पुढच्या ब्लॉकची माहिती), बेसिक, कोडचा हेडर (पत्ता २८०००) आणि कोड. इथवर कळलं. मग इम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) 'मर्ज' करून बेसिक आणलं, म्हणजे आपोआप सुरू होणार नाही. शेवटची ओळ 'रँडमाइझ यूएसआर ०', म्हणजे शून्य पत्त्यावरचा मशीन कोड चालव! शून्यावर तर रॉमची (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) सुरुवात, म्हणजे मशीन रीसेट व्हायला हवं. पण एरवी गेम छान चालतो. मी ती ओळ एडिटला घेतली, काहीही न बदलता एंटर दाबलं, आणि आता रन केलं की खरंच रीसेट होतंय. मी काय बिघडवलं?

झेड८०काका:
ताई, घाबरू नका, टॅप फाइलला धक्का लागलेला नाही. बिघडली ती इम्युलेटरच्या मेमरीतली प्रत.

स्पेक्ट्रम बेसिकमध्ये प्रत्येक आकडा दोनदा साठवतात. आधी डोळ्यांना दिसणारे अंक, त्यामागे ०ई हा बाइट (बाइट सोळाच्या पद्धतीत, हेक्समध्ये लिहितोय), आणि मग पाच बाइटांत खरी किंमत. चालवताना रॉम अंकांकडे बघतच नाही, पाच बाइट उचलतो. लोडर लिहिणाऱ्यानं अंक शून्य ठेवले आणि खरा पत्ता मागे लपवला. एडिट करून एंटर दाबलंत की रॉम ते पाच बाइट दिसणाऱ्या अंकांवरून नव्यानं बनवतो. शून्य दिसतंय, शून्यच बनलं.

त्यामुळे लिस्टिंगवर भरवसा नको, बाइट बघा. फाइलवर एक्सएक्सडी (बाइट हेक्समध्ये दाखवणारा प्रोग्राम) चालवा आणि एफ९ सी० शोधा, म्हणजे रँडमाइझ आणि यूएसआर. पुढे ३० (शून्याचा अंक), ०ई, दोन शून्य बाइट, आणि मग पत्ता, धाकटा बाइट आधी.

जुनाबेसिक:
काकांचं बरोबर. 'व्हॅल "२८०००"' असं लिहिलेलं दिसलं तर मात्र तिथे लपवाछपवी नसते. अवतरणातल्या आकड्यामागे ते सहा बाइट लागत नाहीत, म्हणून जागा वाचवायला तसं लिहायचे.

कॅसेटवाली:
सापडलं! एफ९ सी० ३० ०ई ०० ०० ६० ६डी ००. ६डी६० म्हणजे २८०००, कोडच्या हेडरमधलाच पत्ता. वरच्या 'क्लिअर ०' (बेसिकच्या मेमरीची वरची हद्द ठरवणारी आज्ञा) मागेही ५एफ ६डी आहे, २७९९९.

बाबांना दाखवलं तर ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांच्या मित्राच्या कॅसेटची सुरुवात खराब झाली होती, म्हणून बाबांनी हेच बेसिक वहीच्या पानावर उतरवून दिलं होतं. मित्रानं अक्षर न् अक्षर टाइप केलं, पुढचा कोड लोड केला, आणि दर वेळी मशीन रीसेट. बाबांना इतकी वर्षं वाटत होतं की उतरवताना आपलंच काहीतरी चुकलं.