मदत हवी आहे: भागल्यावर उत्तर मोठं कसं?
नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. ६ ÷ १/२ = १२ हे तिला पटतच नव्हतं. "बाबा, भागलं की कमी व्हायला हवं ना!" सहा भाकऱ्या अर्ध्या करून तुकडे मोजले, तेव्हा कुठे मान डोलावली. पण ३/४ ÷ २/५ ला भाकरी कामाला येईना. 'दुसरा उलटा करून गुणा' हे पाठ आहे. उलटा का, ते मलाच धड सांगता येत नाही. दशांशातही घोळ आहेच, ०.३ × ०.२ चं उत्तर ०.६ लिहिते. (आजोबांना पावकी, निमकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे, तोंडपाठ होते. आम्ही तीसपर्यंतच्या पाढ्यांवरच दमलो.)

छेद समान करून भागायची रीत, म्हणजे १५/२० ÷ ८/२०, मग सरळ १५ ÷ ८, कुणी मुलांना शिकवली आहे का? आधी ती दाखवू की गोंधळ वाढेल? सोमवारी चाचणी आहे.