डॉक्सिसायक्लिन इतक्या लवकर सोडू नये

तीन आठवड्यांत मुरुमे कमी झाली नाहीत म्हणून आपण डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) बंद केल्याचे लिहिले आहे, त्यासंदर्भात माझ्या मुलीचा अनुभव सांगावासा वाटतो. तिच्या हनुवटीवर खोल, ठणकणाऱ्या गाठी येत असत. त्वचारोगतज्ज्ञांनी रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि रात्री लावायला बेंझॉइल पेरॉक्साइडचे, म्हणजे जिवाणू मारणारे, जेल दिले, तरी पहिले सहा आठवडे आम्हालाही फरक जाणवला नाही, आणि आठव्या आठवड्यात मात्र उशीच्या अभ्र्यावर रक्त-पुवाचे डाग पडेनासे झाले. ते जेल कृपया टाळू नका, कारण नुसत्या गोळीने जिवाणू औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते. म्हणूनच गोळी साधारणतः तीन-चार महिन्यांतच थांबवतात.

एकदा तिने घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊन लगेच अंग टाकले आणि पुढचे चार दिवस मऊ भात गिळतानाही तिच्या छातीत कळ येत होती, कारण अडकलेली गोळी अन्ननलिकेला जखम करते. पेलाभर पाणी प्यावे, अर्धा तास तरी आडवे होऊ नये. या गोळीमुळे उन्हानेही त्वचा लवकर भाजते. पुढे आयसोट्रेटिनॉइन हे तीव्र मुरुमांवरचे औषध घ्यायचे ठरले, तर ही गोळी आधी बंद झाली आहे ना, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. दोन्ही एकत्र घेतल्यास कवटीतील दाब वाढू शकतो.