सीटी-एमआरआयचा मूळ डेटा पेशंटच्या हातात द्यायचा की सेंटरच्या सर्व्हरवरच ठेवायचा?

एरंडवणेकर

बाबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी खोकला जाईना म्हणून पुण्यातल्याच एका सेंटरला छातीचा सीटी केला, उजव्या फुप्फुसात ६ मिलिमीटरची गाठ निघाली, काही दिवसांनी परत बघा म्हणाले. बाबांनी टाळाटाळ केली, आम्हीही लावून धरलं नाही, ती चूक आमचीच. गेल्या महिन्यात दुसरीकडे केला तर ८. चेस्ट फिजिशियन म्हणाले जुना स्कॅन आणा. मी रिपोर्ट पुढे केला तर म्हणे रिपोर्ट नको, इमेजेस पाहिजेत, तेव्हाचे ६ एकाने मोजलेत आणि आताचे ८ दुसऱ्याने, एवढ्याशा फरकावर बायोप्सी करायची की नाही ते मी कसं ठरवू?

फिल्म होत्या घरी. कपाटावर पिशवीत, दोन पावसाळ्यांत एकमेकींना चिकटलेल्या, आईने हळूहळू सोडवल्या. एका फिल्मवर वीस चौकोन, त्यातल्या एकात ती गाठ, मोहरीएवढी. डॉक्टरांनी खिडकीशी धरून बघितली आणि काही न बोलता पाकिटात घालून परत दिली.

मग सेंटरला गेलो. तेव्हा एसएमएसवर लिंक आली होती ती बंद. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, सॉफ्टवेअर बदललं, जुन्या कंपनीकडचा डेटा नव्यात आलाच नाही. झालं. आता तीन महिने थांबून तिसरा सीटी, आणि तोपर्यंत बाबा रोज रात्री जेवताना विचारतात, वाढली असेल का रे?

माझं म्हणणं साधं आहे. स्कॅन झाला की मशीनमधून निघालेल्या मूळ डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या इमेजेस ज्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये असतात त्या, सगळ्या, पेशंटला न मागता मिळाल्या पाहिजेत. लिंक नको, पीडीएफ नको, व्हॉट्सॅपवरचा फोटो तर नकोच. पैसे आम्ही दिले, रेडिएशन बाबांच्या अंगात गेलं.

डॉ. सहकारनगर

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून खरंच वाईट वाटलं, डेटा मायग्रेट न करणं ही त्या सेंटरची चूक आहे, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण तुमचा उपाय मला पटत नाही. मी १४ वर्षं सेंटर चालवतोय.

आधी हिशोब बघा. सीटीची एक स्लाइस, म्हणजे शरीराच्या एका आडव्या छेदाचं चित्र, ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची, प्रत्येकाला दोन बाइट, अर्धा एमबी झाला. १ मिलिमीटरच्या स्लाइस घेतल्या तर छाती-पोटाचे सहज सहाशे, म्हणजे ३०० एमबी. दिवसाला २५ सीटी धरा, साडेसात जीबी, वर्षाचे सव्वादोन टीबी, त्यात एमआरआय, मॅमोग्राफी धरलेलीच नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी बारीक स्लाइस थोडे दिवस ठेवून काढून टाकतात आणि ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइस जपतात.

दुसरं, आम्ही सीडी देत होतो की. लोक घरी नेऊन देवघराच्या खणात टाकायचे, दोन वर्षांनी ओरखडे पडलेली घेऊन यायचे, आणि आता तर लॅपटॉपला सीडीची जागाच नसते. पेनड्राइव्ह म्हणाल तर बाहेरचा पेनड्राइव्ह मी मशीनच्या कॉम्प्युटरला लावू देणार नाही, एकदा व्हायरस शिरला तर दीड दिवस मशीन बंद आणि बाहेर बाकावर अपघाताचे पेशंट. पेशंटने डेटा जपायचा हे ऐकायला छान वाटतं, दहातले आठ जण जपत नाहीत हे मी रोज बघतो. जबाबदारी सेंटरची आणि सर्व्हरही सेंटरचा, एवढंच व्यवहारात चालतं.

हिंजवडी_शिफ्ट

डॉक्टर, आदर ठेवून बोलतो, पण सव्वादोन टीबी हा आकडा २००५ साली भीतीदायक होता, आज तुमच्या दोन-चार सीटींच्या बिलात तेवढी डिस्क येते. दोन घ्या, एक घरी ठेवा.

मी सात वर्षं हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि एरंडवणेकरांच्या बाबतीत झालं ते दर वर्षी बघतो. डायकॉम मुळात कशासाठी आलं? ऐंशीच्या दशकात प्रत्येक कंपनीचं मशीन आपल्याच भाषेत बोलायचं, एकाचा स्कॅन दुसऱ्याच्या स्क्रीनवर उघडायचा नाही, म्हणून अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि मशीन बनवणाऱ्यांची संघटना एकत्र बसली, १९८५ ला पहिलं मानक निघालं, १९९३ ला त्याला डायकॉम नाव मिळालं. म्हणजे हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी सुटलेला आहे. आणि आपल्याकडे पॅक्स, म्हणजे स्कॅन साठवायची आणि दाखवायची सिस्टीम, विकणारी कंपनी काय करते, फाइल डायकॉमच ठेवते पण कुठल्या पेशंटची कुठली फाइल हे सांगणारा डेटाबेस कुलपात, त्यावर डॉक्टरांनी लिहिलेल्या खुणा आणि मापं स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये, आणि सेंटरने कंपनी बदलायची म्हटली की मायग्रेशनचं असं कोटेशन देते की मालक म्हणतो राहू दे जुनं. करार करताना 'सोडताना सगळा डेटा डायकॉममध्ये परत' ही एक ओळ घालून घेणारे मला दोनच भेटलेत.

आणि महागडं पॅक्सच पाहिजे असंही नाही. ऑर्थँक नावाचा डायकॉम सर्व्हर आहे, बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१२ मध्ये सुरू झाला, फुकट आणि कोड सगळ्यांसाठी खुला, साध्या पीसीवर चालतो. छत्तीसगडमधल्या गनियारीला जनस्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलसाठी बाह्मनी नावाची अख्खी सिस्टीम अशीच उघड्या सॉफ्टवेअरवर उभी राहिली, रजिस्ट्रेशन, लॅब, एक्सरे सगळं एकत्र. गनियारीत चालतं ते डेक्कनवर का चालू नये?

बरं, आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आपल्याच पुण्यात, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मानकांत इमेजसाठी डायकॉमच लिहिलंय. कागदावर सगळं आहे.

बावधनची_रेवा

मी सिक्युरिटीत काम करते, आणि तुम्ही दोघं ज्या बाजूला चाललाय ती मला धोक्याची वाटते.

डायकॉम फाइल म्हणजे नुसतं चित्र नाही. चित्राच्या आधी माहितीचे रकाने असतात, त्यात पेशंटचं नाव, जन्मतारीख, आयडी, कुठल्या हॉस्पिटलने कशासाठी पाठवलं, सगळं वाचता येईल असं लिहिलेलं. ती फाइल फॅमिली ग्रुपवर गेली की संपलं. आणि तो फुकटचा सर्व्हर कोण लावणार? मालकाचा भाचा लावणार, पासवर्ड न बदलता, आणि डॉक्टरांना घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून ठेवणार. डायकॉमच्या जुन्या पद्धतीत समोरचं मशीन कोण आहे हे फक्त त्याने सांगितलेल्या नावावरून ओळखतात, पासवर्ड विचारतच नाहीत. हॉस्पिटलच्या आतल्या नेटवर्कसाठी बनवलेलं ते, बाहेरच्या जगासाठी नाही. २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने शोध घेतला तर जगभर शेकडो पॅक्स सर्व्हर असे सताड उघडे सापडले, भारतातले धरून.

मोठ्यांचीही तीच गत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, आलं, जवळपास दोन आठवडे ओपीडीपासून लॅबपर्यंत कागद-पेन. तिथे ही अवस्था तर गल्लीतल्या सेंटरचं काय? माझ्या मते थोड्याच ठिकाणी, नीट राखलेल्या, लॉगिन आणि कोणी कधी उघडलं याची नोंद असलेल्या सर्व्हरवरच डेटा असावा, आणि पेशंटला बघायला मिळावा. कॉप्या वाटत सुटू नका.

हिंजवडी_शिफ्ट

रेवाताई, भाचा आणि राउटर मान्य, स्वतः बघितलंय. पण एरंडवणेकरांच्या वडिलांचा डेटा चोरीला नाही गेला, तो हरवला, आणि नेमकी एकच कॉपी होती म्हणून हरवला.

टेक्निशियन_मंचर

मी सीटीवर टेक्निशियन आहे, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, आधी पुण्यात होतो आता इकडे. तुम्ही सगळे सर्व्हर आणि पेनड्राइव्हवर भांडताय पण खरी गोम नावात आहे आणि ते कोणी बोलतच नाही. रात्री दोनला ॲक्सिडेंटची बाई येते, नातेवाईक धावपळीत, कोणीतरी नाव सांगतं सुनिता, मी टाइप करतो ऱ्हस्व की दीर्घ काय बघत नाही कारण इंग्रजीत टाकायचं असतं, आडनाव आधी की नंतर ते ज्याच्या त्याच्या सवयीने, वय अंदाजे ४५, जन्मतारीख माहीत नाही म्हणून १ जानेवारी, आयडीच्या जागी सिरीयल नंबर. सहा महिन्यांनी तीच बाई फॉलोअपला आली की दिवसाच्या शिफ्टला दुसरा माणूस, तो माहेरचं नाव टाकतो वय ५० टाकतो, झाल्या दोन बायका. जुना स्कॅन त्याच सर्व्हरवर पडलेला असतो आणि सापडत नाही, मग आम्ही सांगतो डेटा नाही, खोटं नसतं ते, आम्हाला तसंच दिसतं.

जिथे वर्कलिस्ट जोडलीय, म्हणजे केसपेपरला नाव टाकलं की तेच मशीनवर आपोआप येतं, तिथे हा त्रास निम्म्याहून कमी होतो, माझा स्वतःचा अनुभव आहे. पण वर्कलिस्टचे पैसे वेगळे लागतात म्हणून ती शेवटी राहते. आभा कार्डचा, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्राचा, १४ आकडी नंबर यासाठीच काढला २०२१ ला, केसपेपर काउंटरला क्यूआर स्कॅन करून टोकन पण देतात, पण तो नंबर आतल्या सीटी मशीनपर्यंत येत नाही ना. आणि आमच्याकडच्या म्हातारीकडे फोन नसतो, नंबर नातवाचा, नातू चाकणला कामाला.

पेशंटला डेटा द्यावा की नको तर द्यावाच, फिल्मवर एकच विंडो, म्हणजे उजेड-काळोखाची एकच मांडणी, छापतो आम्ही, फुप्फुसाची छापली तर त्यात हाडं-मांस नीट दिसत नाही, मूळ फाइल असली की डॉक्टर हवं ते फिरवून बघतो. पण कृपा करून नवा सीलबंद पेनड्राइव्ह आणा, मुलाची गाणी भरलेला नको.

एरंडवणेकर

टेक्निशियनदादा, हे नावाचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार.

डॉक्टर, पेनड्राइव्हचं म्हणणं मानतो. पण दोन गोष्टी. तुम्ही म्हणता लोक जपत नाहीत. सातबारा, मार्कशीट, लग्नपत्रिकासुद्धा जपणारी माणसं आहेत आपण. 'ही सीडी पुढच्या डॉक्टरला लागेल, टाकू नका' असं काउंटरवर कधी कोणी सांगितलं का? आम्हाला तर फिल्मच्या पाकिटावरची जाहिरात वाचायला मिळाली. आणि दुसरं, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं, आणि ॲडमिट पेशंटचं तीन वर्षं जपायचं. म्हणजे माझा हक्क आहेच, मागणं फक्त एवढंच की मागायची वेळ येऊ नये, कारण मागायची वेळ येते तेव्हा सॉफ्टवेअर बदललेलं असतं.

डॉ. सहकारनगर

तो नियम माहीत आहे, आणि मागितल्यावर मी नाही म्हणत नाही. न मागता प्रत्येकाला देणं यावर मात्र माझं मत तेच आहे, मनुष्यबळ नाही. अजून एक सांगतो जे इथे कोणी बोललं नाही. मूळ इमेजेस घरी उघडून, नेटवर बघून, लोक रात्री अकराला फोन करतात की हा ठिपका काय आहे. तो बहुतेक वेळा रक्तवाहिनीचा छेद असतो. ती भीतीही खरी असते, तुमच्या वडिलांसारखीच. पण फुप्फुसातली गाठ, जुना कॅन्सर, मणक्याचं ऑपरेशन, अशा ज्यांना पुढे तुलना लागणारच आहे त्यांना बारीक स्लाइससकट द्यावं, हे तुमचं वाचून मला पटलं, आणि आमच्याकडे अशांच्या बारीक स्लाइस डिलीट करायच्या नाहीत असं आजच सांगितलंय.

बावधनची_रेवा

डॉक्टर, हे चांगलं केलंत. एक विचारते, सेंटरच्या सर्व्हरवरचे स्कॅन एआय कंपन्यांना जातात का? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमतीबद्दल बोलतो, पण काउंटरवरच्या फॉर्मवर बारीक अक्षरात सही घेतली की संमती झाली का?

टेक्निशियन_मंचर

ताई एआयला सरसकट वाईट नका म्हणू, छातीच्या एक्सरेत टीबी शोधायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मान्यता दिलीय, १५ वर्षं आणि वरच्यांसाठी. आमच्या तालुक्याला पूर्णवेळ रेडिओलॉजिस्ट नाही, एक्सरे काढला की रिपोर्टला दोन दिवस जायचे, आणि तोवर माणूस खोकत एसटीने घरी. तो एक्सरे आधी बघा एवढं जरी मशीनने सांगितलं तरी खूप आहे. पण नाव काढून पाठवावं आणि पेशंटला मराठीत सांगून विचारावं, हे तुमचं बरोबर.

एरंडवणेकर, तुम्ही एक करा, सेंटरला परत जा, काउंटरला नको, आतल्या टेक्निशियनला भेटा आणि विचारा जुना सर्व्हर भंगारात दिला का. बहुतेक ठिकाणी जिन्याखाली पडलेला असतो. आणि नावाने नका शोधायला सांगू, तारखेने सांगा, स्कॅनच्या.

एरंडवणेकर

काल जाऊन आलो. डबा जिन्याखालीच होता, वर झाडू आणि पाण्याचे रिकामे जार. तिथल्या टेक्निशियनने जेवणाच्या सुट्टीत चालू करून दिला, पंख्याचा आवाज इतका की बोलणं ऐकू येईना. बाबांच्या नावाने काही नाही. मग तारखेने लावलं तर त्या दिवशीचे एकोणीस पेशंट, त्यात नावाच्या जागी आमचं आडनाव, पुढे आजोबांचं नाव, बाबांचं नावच नाही, वय ९६. चित्र उघडलं तर उजव्या फुप्फुसात तीच गाठ.

५ मिलिमीटरच्या स्लाइस मिळाल्या, बारीक काढून टाकलेल्या. गाठ दोन स्लाइसमध्येच दिसते. नवा पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो, त्यावर घेतलं, घरी लॅपटॉपवर कॉपी केलं, बहिणीकडे एक ठेवलं. सोमवारी सकाळी चेस्ट फिजिशियनकडे. जाड स्लाइसवर मोजून त्यांना नक्की सांगता येईल का ते तिथेच कळेल, बाबा म्हणाले मीपण येतो, मला दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवा.