हलतं चित्र पुसट का दिसतं: दोष पडद्याचा की कार्डाचा?

फॉस्फर (धागाकर्ता)
नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं की चित्र स्वच्छ दिसेल, हा समज आधी सोडायला हवा. सीआरटीत, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये, इलेक्ट्रॉनचा झोत ठिपक्यावरून गेला की तिथला फॉस्फर (चमकणारा लेप) साधारण मिलिसेकंदभर उजळतो आणि विझतो. एलसीडी आणि ओएलईडी या आजच्या सपाट पडद्यांत पिक्सेल पुढची फ्रेम (पुढचं पूर्ण चित्र) येईपर्यंत पेटलेलाच राहतो. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, १६.७ मिलिसेकंद. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणाऱ्या वस्तूमागे नजर अखंड फिरते, चित्र मात्र तेवढा वेळ जागीच खिळलेलं असतं. त्यामुळे डोळ्याला ते १६ पिक्सेल फरफटलेलं दिसतं. जाहिरातीतला '१ मिलिसेकंद रिस्पॉन्स टाइम' इथे कामाचा नाही. तो रंग बदलायला लागणारा वेळ आहे, रंग पडद्यावर किती टिकतो ते तो सांगत नाही. या बाबतीत सीआरटी सोडून आपण मागे गेलो, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिटमॅप
साफ असहमत. सीआरटीचं ओझं ग्राफिक्स हार्डवेअरने किती वर्षं वाहिलं तेही मांडा की! १९८७च्या व्हीजीए या डिस्प्ले मानकात ६४०×४८० चित्रासाठी ८००×५२५ ठिपक्यांचा वेळ खर्च होतो, २५.१७५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर. चौथ्या हिश्शाहून जास्त वेळ चित्राबाहेर जातो, कारण झोताला ओळीच्या आणि पडद्याच्या सुरुवातीला परतायचं असतं. आज झोत नाही, तरी १९२०×१०८० ला ६० हर्ट्झवर २२००×११२५ ची मोजणी सर्रास चालते. 'रिड्यूस्ड ब्लँकिंग', म्हणजे चित्राबाहेरचा हा वेळ कमी करणारी सेटिंग, निवडली की ती २०८०×११११ वर येते आणि पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती ठिपके जातात तो वेग) १४८.५ वरून १३८.५ मेगाहर्ट्झ होतो. जुनी केबल काठावर चालत असेल तर एवढ्यानेही चित्र तुटायचं थांबू शकतं.
शिवाय सीआरटीचं ६० हर्ट्झला लुकलुकणं बहुतेकांना खुपतं, म्हणून ८५ लागायचे. १६००×१२०० ला ८५ हर्ट्झ म्हणजे १०६ किलोहर्ट्झ आडवी वारंवारता, म्हणजे सेकंदाला एक लाख सहा हजार ओळी. ७० किलोहर्ट्झच्या मॉनिटरला ते रिझोल्यूशन ६० हर्ट्झवरही झेपत नाही, तिथेच ७५ किलोहर्ट्झ लागतात.

फॉस्फर
ब्लँकिंगचा मुद्दा मान्य. पण त्याने पुसटपणा कुठे कमी झाला? आज त्यावर एक उपाय आहे: बॅकलाइट स्ट्रोबिंग, म्हणजे दर फ्रेमला पडद्यामागचा दिवा क्षणभरच लावणं. त्यातही कार्डाकडून येणाऱ्या फ्रेमचा वेग रिफ्रेशइतकाच (पडदा सेकंदाला जितक्यांदा ताजा होतो तितकाच) आणि अखंड हवा. १२० हर्ट्झच्या स्ट्रोबवर ६० फ्रेम दिल्या की प्रत्येक फ्रेम दोनदा चमकते आणि हलत्या वस्तूच्या दोन कडा दिसतात. ८.३ मिलिसेकंदांपैकी २ च दिवा लागला तर उजेडही जेमतेम पावपट उरतो.

निशाचर
म्हणजे गाडी कार्डावरच आली ना! अखंड फ्रेम देणार कोण? २४० हर्ट्झला तुमचे १६ पिक्सेल ४ वर येतात, स्ट्रोबिंगशिवाय आणि उजेड न गमावता. पण कार्डाला प्रत्येक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांत पुरी करावी लागते. पडद्याची मर्यादा कार्ड ठरवतं, हे पूर्वीपासूनचं आहे. १९९६च्या व्हूडू या थ्रीडी कार्डावर ४ एमबी मेमरी होती, त्यातली २ चित्राला आणि २ टेक्स्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांना). ६४०×४८० ला १६ बिटांचे तीन बफर, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागा (दिसणाऱ्या चित्राचा पुढचा, तयार होणाऱ्या चित्राचा मागचा, आणि कोणती वस्तू जवळ ते नोंदवणारा खोलीचा) मिळून सुमारे १.८४ एमबी होतात, म्हणजे बसतात. ८००×६०० ला २.८८ एमबी लागतात. मॉनिटर तयार असूनही खोलीचा बफर वगळल्याशिवाय ते जमत नव्हतं.

सावली
दिवसभर मजकूर वाचणाऱ्यांचा विचार कोणीच करत नाहीये. अनेक ओएलईडी पॅनेलांत उपपिक्सेल (पिक्सेलमधले रंगांचे भाग) लाल-हिरवा-निळा अशा सरळ पट्ट्यांत नसतात, आणि क्लिअरटाइप (विंडोजची अक्षरं गुळगुळीत करणारी सोय) तीच रचना गृहीत धरतो. परिणाम: अक्षरांना रंगीत कडा. देवनागरीत रफार-वेलांट्यांशी हे फार टोचतं. त्यासाठी क्लिअरटाइप बंद करून ग्रेस्केल स्मूदिंग (रंगांऐवजी करड्या छटांनी कडा मऊ करणं) वापरा आणि स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, वाढवा. शिवाय टास्कबारसारख्या स्थिर पट्ट्यांचा ठसा उमटण्याचा धोका राहतोच. अशा कामाला साधा आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) बरा. त्याचं ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) मात्र मधल्या पायरीवर ठेवा. कमाल केलं की रंग लक्ष्य ओलांडून परततो आणि वस्तूमागे उजळ झालर दिसते.

बिटमॅप
@निशाचर, केबल विसरलात. ३८४०×२१६०, १४४ हर्ट्झ, १० बिट रंग: नुसत्या चित्राचेच सेकंदाला ३५.८ गिगाबिट होतात. डिस्प्लेपोर्ट १.४ या केबल जोडणीतून प्रत्यक्ष २५.९२ जातात. डीएससी कॉम्प्रेशन (चित्राची माहिती दाबून पाठवायची सोय) कार्ड आणि मॉनिटर दोघांतही असेल तरच हे पूर्ण रंगांसह चालतं; नाहीतर रिफ्रेश किंवा रंग कमी होतात.

निशाचर
बरोबर. म्हणून नवा मॉनिटर जोडल्यावर पहिलं काम: डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट आणि बिट डेप्थ (प्रत्येक रंगाला किती बिट) बघणं. १४४ चा पडदा ६० वर चालत राहिला तर दोष पडद्याचाही नाही आणि कार्डाचाही.

फॉस्फर
आणि फ्रेम जनरेशनवर, म्हणजे कार्डाने मधल्या फ्रेम अंदाजाने बनवण्यावर, विसंबू नका. दोन खऱ्या फ्रेमांमध्ये भर घालायची तर दुसरी तयार झाली तरी ती अडवून आधी मधली दाखवावी लागते. फरफट कमी होईल, पण माउसला मिळणारा प्रतिसाद उशिराच येणार.