क्रम्ब आणि कंपनी: बंडखोर की नुसतेच वाह्यात?

शाईचा_डाग: 'तिरकस' यांनी काल लिहिलं की सत्तरच्या दशकातली अमेरिकन अंडरग्राउंड कॉमिक्स (मोठ्या प्रकाशकांना डावलून काढलेली चित्रकथांची मासिकं) म्हणजे 'कलेतलं शेवटचं निर्भेळ स्वातंत्र्य'. डोकंच फिरलं, म्हणून हा धागा. स्वातंत्र्य कोणाचं हो? 1954 चा कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनीच ठरवलेली सेन्सॉरची नियमावली, धाब्यावर बसवला, ठीक. व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्बने 1968 मध्ये आपला 'झॅप' हा अंक बाबागाडीत घालून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर विकला, त्याचंही कौतुक. पण त्याने रंगवलेली काळी बाई, अँजेलफूड मॅकस्पेड, बघा: जाडे ओठ, गवताचा घागरा, आणि मागे लागलेले पुरुष. आमच्या हॉस्टेलवर कोणाच्या तरी भावाने आणलेले अंक फिरायचे. मुलं खिदळत होती, मला शिसारी आली. ट्रिना रॉबिन्स या चित्रकर्तीने हेच सुनावलं तर तीच कजाग ठरली. बायकांना शेवटी 1972 मध्ये वेगळं 'विमेन्स कॉमिक्स' काढावं लागलं.

तिरकस: क्रम्ब स्वतःच्या डोक्यातली घाण कागदावर ओततो, त्यात स्वतःलाही सोडत नाही. सोवळं नेसून अंडरग्राउंड वाचायला बसलात तर असंच होणार. जस्टिन ग्रीनचं 'बिंकी ब्राउन' (1972) वाचलंय? कॅथलिक पोराच्या पापाच्या धास्तीवर आहे. ते नसतं तर 'माउस' हे ज्यूंच्या छळावरचं गाजलेलं चित्रपुस्तक झालं नसतं, असं खुद्द त्याचा कर्ता आर्ट स्पीगलमन सांगतो.

वऱ्हाडी_ठेचा: तुमचं चालू द्या. या कॉमिक्सचा धंदा बुडाला तो 1973 मुळे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मिलर खटल्यात अश्लीलतेचं माप स्थानिक समाजाच्या हाती दिलं. हे अंक विकायची ती चिलमी-पाइपांची दुकानं, ती टरकली. वर डिस्नीने 'एअर पायरेट्स' या अंडरग्राउंड चित्रकारांच्या टोळीला कोर्टात खेचलेलंच होतं. त्यांच्या 1971 च्या अंकांत मिकी माउस नको ते करताना दाखवला म्हणून.

कुंचला: डिस्नीचं बरोबरच होतं! माझा गणपती एका छापखान्याने परस्पर लग्नपत्रिकांवर छापला, सही खोडून. जाब विचारला तर म्हणतो, "गणपती काय तुमच्या मालकीचा आहे?"

तिरकस: अहो, इथे छापखाना म्हणजे डिस्नी! 'एअर पायरेट्स'चा म्होरक्या डॅन ओ'नील फाटका माणूस होता. आणि ते विडंबन होतं, चोरी नव्हे.

कुंचला: विडंबनाला मिकी हुबेहूब कशाला लागतो? 1978 मध्ये अपील कोर्टानेही तेच म्हटलं, गरजेपेक्षा जास्त उचललंय. पोट चित्रांवर असतं तर कळलं असतं तुम्हाला.

तिरकस: माझ्या पोटावर जाऊ नका.

शाईचा_डाग: धागा बायकांबद्दल होता. गणपती आणि मिकीने पळवला.

तिरकस: बरं बाई, 'निर्भेळ' शब्द मागे घेतो. 'पुरुषांपुरतं स्वातंत्र्य' लिहितो. झालं समाधान?

शाईचा_डाग: गोऱ्या पुरुषांपुरतं.

कुंचला: ते लिहा सावकाश. आधी त्या छापखान्याला नोटीस कशी पाठवायची, कोणी सांगेल का?