मदत हवी आहे: कोळंबीबरोबर कुठल्या गोळ्या नि काय खाणंपिणं टाळायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावचे, शहापुरातले. परवा रविवारी भावोजी गोव्याहून चोर्ला घाटानं येताना कोळंबी नि तिसऱ्या घेऊन आले, आईनं सुक्कं केलं, सोलकढी केली, सगळे पोटभर जेवलो आणि अर्ध्या तासात बाबांचा खालचा ओठ टम्म सुजला, मानेवर गांधी उठल्या. लगेच दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, रात्रीपर्यंत उतरलं. दम लागला नाही हे नशीब.

बाबा लहानपणापासून कोळंबी खातात, कधी काही झालं नव्हतं. त्या दिवशी वेगळं एवढंच की गुडघा दुखतो म्हणून जेवायच्या आधी आयबुप्रोफेन घेतलेली, वर भावोजींबरोबर एक बिअर. डॉक्टर म्हणाले असली पेनकिलर नि दारू, दोन्हीनं ॲलर्जी जास्त भडकू शकते. आणि घरी येऊन बाबांच्या ग्लुकोसामाइनच्या (सांधेदुखीसाठी घेतात त्या गोळ्यांच्या) डबीवरचं बारीक अक्षर वाचलं तर ते कोळंबी-खेकड्याच्या कवचापासनं केलेलं, माझ्या पोटात गोळाच आला. सध्या बंद केलंय.

मावशी म्हणते मच्छीवर लिंबू पिळलं की विष होतं, व्हॉट्सॲपवर आलंय. पण आपण तर पिढ्यान् पिढ्या पिळतोय, मला ते काही पटत नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का? ॲलर्जीची टेस्ट बेळगावात कुठं चांगली होते, की हुबळीला जावं लागेल? तिसऱ्या, खेकडे पण सोडायचे का? बाबांचं युरिक ॲसिडही वाढलेलं असतं, त्यामुळं जास्तच काळजी वाटते. अनुभव असेल तर प्लीज सांगा.