मदत हवी आहे: २० मिमीची खडी चपटी येतेय

दगड घट्ट, काळा बेसाल्ट. आधी जॉ क्रशर (दोन जबड्यांत मोठा दगड फोडणारं यंत्र), मग कोन क्रशर (शंकूसारख्या भागाने दगड आणखी बारीक चिरडणारं यंत्र), शेवटी चाळण्या. १० मिमीची खडी छान चौकोनी येते. २० मिमीत मात्र चपटे, धारदार कडांचे तुकडे फार. काँक्रीटला नेमके तेच नको असतात.

कोनचे लाइनर (आतलं झिजणारं पोलादी अस्तर) नवे आहेत. त्याची दगड चिरडायची पोकळी दगडाने गच्च भरलेली ठेवून चालवतो, त्याने थोडाच फरक पडला. कोनची फट (जिथून चिरडलेला माल बाहेर पडतो) १४ मिमीवर आहे. ती वाढवली की १० मिमीचा आकार बिघडतो आणि चाळणीवर जाड माल साचतो. व्हीएसआय (दगड वेगाने आपटून खडीला आकार देणारा क्रशर) सध्या बसवता येणार नाही, त्यामुळे तो उपाय सोडून सांगा.

जॉची फट कमी करून कोनला बारीक दगड दिला, तर २० मिमीचा आकार सुधारेल का? की चाळणीवरचा जाड माल परत कोनमध्ये जास्त फिरवावा? करून पाहिलेल्यांनी सांगा, आधी कशाला हात घालू?